ट्रकासाठी वेगळा चॅनेल

वॉकी-टॉकीत चॅनेल भरायचं काम मी आता कॉलेजच्या हॅम रेडिओ क्लबात नेहमीच करते. सेटला केबल लावायची, लॅपटॉपवर तक्ता उघडायचा, एकेका ओळीत फ्रिक्वेन्सी, टोन आणि पॉवर लिहायची आणि सगळं सेटमध्ये उतरवायचं. ज्युनिअर मुलं विचारतात, दीदी, हे कुठे शिकलात? मी क्लबाचं नाव सांगते. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. त्यातलं थोडं मी आमच्या विहाराच्या गल्लीत शिकले, बाबा आणि काका यांच्या मध्ये उभी राहून.

आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, रेल्वे कॉलनीच्या मागे आहे. बहुतेक घरं विदर्भातून नोकरीसाठी रायपूरला आलेली. बाबा यार्डात शंटिंगला होते, म्हणजे ड्रायव्हरला इंजिन मागे-पुढे घ्यायला सांगून डबे जोडायचे आणि सोडायचे. काका हे त्या इंजिनाचे ड्रायव्हर. सख्खे काका नव्हेत, पण मी त्यांना दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. दोघं पाठोपाठ रिटायर झाले. त्यानंतर वर्षातून एकच दिवस दोघांना मिळून काम असायचं, ते म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीचा ट्रक.

मिरवणूक फिरून परत आली की ट्रक विहाराच्या गल्लीत उलटा घ्यावा लागायचा. मूर्तीची पाठ रस्त्याकडे होऊ नये, ही आमच्याकडची जुनी पद्धत. गल्ली अरुंद, मध्ये एक वळण, वर विजेच्या तारा. सजावटीच्या पडद्यांमुळे आरशात मागचं काहीच दिसत नसे. बाबा मागे उभे राहून हाताने आणि आवाजाने सांगायचे आणि काका गाडी आणायचे. पण मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्याच्या आदल्या वर्षी मूर्तीवरचं छत्र विहाराच्या कमानीला घासलं होतं. बँडच्या आवाजात बाबांचं 'थांब' काकांना ऐकूच गेलं नव्हतं. तरुण मुलांचं म्हणणं पडलं की आता भाड्याचा ड्रायव्हर आणावा, दोन म्हाताऱ्यांचं काम नाही हे. विहार समितीचे अध्यक्ष मध्यममार्गी माणूस. ते म्हणाले, वॉकी-टॉकी घेऊ, पौर्णिमेच्या सकाळी एकदा ट्रक घालून बघू. जमलं तर ठीक, नाही तर संध्याकाळी दुसरा ड्रायव्हर.

त्या आठवड्यात बाबांनी तीनदा दाढी केली, असं आई म्हणाली.

क्लबाचे सेट मिळणार नव्हते. ते परवानाधारकांसाठी, मिरवणुकीसाठी नाहीत, असं सरांनी मला आधीच सांगितलं होतं. मग समितीने सदर बाजारातून परवाना लागत नाही अशा पट्ट्यातले चार सेट आणले. लावले तर आत कुठल्याशा मॉलचे गार्ड पार्किंगबद्दल भांडत होते. अध्यक्षांनी सेट माझ्यापुढे ठेवले. "तू कॉलेजात हेच शिकून राहिली ना?" मी मान हलवली. खरं तर तोवर मी क्लबात फक्त दुसऱ्यांचं बघत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळंच येत असणार असं पाऱ्यातल्या लोकांना वाटायचं, आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलत नसे.

मी मोकळी फ्रिक्वेन्सी शोधली, चारही सेटना एकच टोन दिला, म्हणजे गार्डांचं भांडण आत येणार नाही. बाबा शेजारी बसून बघत होते. मधेच विचारायचे, हा आकडा कायचा? मी हिंदीत उत्तर द्यायची, ते 'हव' म्हणायचे. मराठी मला पूर्ण कळायची, पण बोलताना हिंदीच तोंडात यायची. बाबांनी त्यावरून मला कधी टोकलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. काका आत, एक सेट डॅशबोर्डवर. बाबा मागे. बाबांनी बटण दाबलं आणि सुरू केलं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, एका लयीत, श्वासाच्या मध्येही अंतर न ठेवता. ट्रक सावकाश येऊ लागला. वळणाच्या जरा आधी तो एकदम उभा राहिला. बाबा अजून बटण दाबून येऊ दे म्हणतच होते.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. सेट बदलला, तरी तसंच. मुलं हसायला लागली. एक जण म्हणाला, चाचा, गिअर में नींद लग गई क्या? अध्यक्षांनी खिशातून मोबाईल काढला. कोणाला फोन लावणार ते सगळ्यांना कळत होतं.

मी धावत पुढे गेले आणि काकांना विचारलं, काका, रुक क्यों गए?

"आवाज थांबला, मी थांबलो," काका म्हणाले. "दुसरं काय करू?"

मला कळलं नाही. तेव्हा मागून आलेल्या बाबांनी सांगितलं, थोडं चिडूनच. शंटिंगमध्ये आवाज सतत चालू ठेवतात. तो तुटला की ड्रायव्हर इंजिन उभं करतो, विचारत बसत नाही. सेट बंद पडला असंल, माणूस पडला असंल, काहीही असंल. बाबांना वाटत होतं की सेटच खराब आहेत, आणि ते हाताच्या इशाऱ्यावर जायला तयार झाले होते. पण संध्याकाळी, त्या गर्दीत, पडद्यांआडून हात कोणाला दिसणार होता?

क्लबात आम्हाला याच्या उलट शिकवलं होतं. थोडं बोला, बटण सोडा, दुसऱ्याला जागा द्या. म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं की कोणी इतका वेळ बटण दाबून ठेवील. मी सेट हातात घेतला, बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. एका मिनिटाने सेट बारीक बीप करून गप्प झाला. कोणाचं बोट चुकून बटणावर राहिलं तर चॅनेल अडून बसू नये, म्हणून ही मर्यादा आतच घातलेली असते. तक्त्याच्या खाली तो रकाना होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

लॅपटॉप आणून ट्रकाच्या पायरीवर ठेवला. वेळेची मर्यादा काढून टाकली. पण मग दुसरी अडचण मला आधीच सुचली, याचं मला अजून बरं वाटतं. बाबा सतत बोलत राहिले तर समोर रस्त्यावर गर्दी आवरणाऱ्या मुलांना बोलताच येणार नाही. म्हणून चारही सेटमध्ये ट्रकासाठी वेगळा चॅनेल केला, मुलांचे दोन सेट पहिल्याच चॅनेलवर मर्यादेसकट ठेवले. बाबांना समजावून सांगितलं. या वेळी मराठीत सांगितलं, अडखळत, 'अडून बसणं' हा शब्दही पटकन सुचेना. त्यांनी ऐकून घेतलं. ट्रक एकाच फेरीत आत गेला. अध्यक्षांनी मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाले, संध्याकाळी बघू.

संध्याकाळी बँड होता, फुलं होती, बायका पांढऱ्या साड्यांत गल्लीच्या दोन्ही अंगांना उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या एका मुलाकडून मी सेट मागून घेतला आणि हळूच ट्रकाच्या चॅनेलवर फिरवला. येऊ दे, येऊ दे. ट्रक इंचाइंचाने येत होता, सकाळपेक्षा कितीतरी सावकाश. तेच तेच म्हणून बाबांना कंटाळा आला असावा, किंवा यार्डातही ते असंच करत असतील, मला माहीत नाही. आवाज तुटू नये म्हणून ते मध्येमध्ये दुसरंच बोलू लागले.

"येऊ दे, येऊ दे. गर्मी लय आहे गड्या. येऊ दे. पोट्टीनं बरोबर शोधलं ना. येऊ दे. मले तर वाटलं सेटच फेकून द्या लागते. येऊ दे. हुशार आहे, तोंडावर नाही म्हणत मी. येऊ दे, येऊ दे, डावीकडे थोडं."

मी सेट कानाला आणखी दाबला. कमान आली, छत्र तिच्याखालून गेलं, वर बोटभर जागा उरली होती. बाबांनी 'थांब' म्हटलं आणि ट्रक थांबला.

अध्यक्ष मागे आले. वर छत्राकडे बघितलं, मग बाबांना म्हणाले की पुढच्या वर्षीही तुम्हीच. बाबांचा घसा बसला होता. त्यांनी केबिनकडे बोट दाखवलं, म्हणजे काकांना विचारा. काका खाली उतरत होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"मी येतो," काका म्हणाले, "पण याले सांगा, एवढी पोरीची तारीफ करायची असंल तर इंजिन बंद झाल्यावर करत जा."

बाबांनी माझ्या हातातल्या सेटकडे पाहिलं आणि पडदे सोडायला ट्रकावर चढले.