आमची बीचबॅग मोठी होत गेली

शिवणाऱ्या बायकांकडे किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. हात गुंतलेले, डोळे सुईवर, तोंड तेवढं मोकळं! त्यातून दार बंद, एसी चालू आणि नवरे ऑफिसात. दर मंगळवारची अशी सकाळ मिळाली की काही महिन्यांतच इतकं जमतं, की कुठलं आधी सांगायचं तेच कळत नाही.

आमचं मंडळ तिघींचं. शारजात अल मजाजला आमचा फ्लॅट, तिथे मी, म्हणजे वैशाली. आमच्याच बिल्डिंगमधली नाझनीनभाभी, मूळची दाभोळची. तिच्या मिस्टरांचं रोल्लाला कापडाचं दुकान, त्यामुळे कापडाला तोटा नाही. आणि तिसरी दीपा, पुण्याची. ती दुबईहून, अल बर्शाहून, स्वतः गाडी चालवत यायची आणि आल्या आल्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या द्यायची. आम्ही शिवायचो फक्त बीचबॅगा. तिघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं, हा भाग वेगळा!

हे सगळं २००८चं. त्या वर्षी दिवाळीच्या आधीपासूनच दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबायला लागल्या. माझा नवरा मिलिंद टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागतो. आमची ईशा दहावीला, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. मार्चपर्यंत मिलिंदची नोकरी टिकू दे, पुढचं पुढे बघू, एवढंच मी देवाकडे मागत होते. मी मुळात घाबरट. त्या दिवसांत तर सकाळी तो लिफ्टमध्ये शिरला की मी खिडकीतून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे.

*

पहिली बॅग मात्र सुखाच्या दिवसांतली. आम्ही सगळे खोरफक्कानला समुद्रावर गेलो होतो. नाझनीनभाभीने बासमती तांदळाचं वीस किलोचं रिकामं पोतं उसवून, त्याला बाथरूमच्या जुन्या पडद्याचं अस्तर लावून, जाड नाडीचे बंद जोडून एक झकास पिशवी शिवली होती. पोत्यावरचा मोर नेमका पुढच्या बाजूला आला होता.

एक गोरी मॅडम लांबून ती पिशवी बघत होती. शेवटी राहवेना, आलीच. "सो ब्यूटिफुल! व्हेअर डिड यू बाय इट?"

भाभी शांतपणे म्हणाली, "सुपरमार्केट. ट्वेंटी किलो. राइस इनसाइड, फ्री!"

त्या बाईने सुपरमार्केटचं नाव नीट विचारून घेतलं. आमचा उद्योग तिथून सुरू झाला. दीपा इंटरनेटवरून आयडिया शोधायची, भाभी कापड आणायची, मी बेतायचे. जुन्या साड्यांच्या काठांचे बंद, जीन्सच्या पायाचे कप्पे, खाली चौकोनी कोपरे म्हणजे बॅग वाळूत उभी राहते. ओळखीपाळखीत भराभर खपायला लागल्या.

*

दिवाळी आली म्हणून मी हॉलचे पडदे धुवायला काढले. एवढंच केलं हो!

पण तोपर्यंत आमच्या भागात बिनपडद्याची खिडकी म्हणजे गेलेलं कुटुंब, असा अर्थ झाला होता. पार्किंगमध्ये उभं राहून लोक वर बघायचे आणि हळूच विचारायचे, "सातव्या मजल्यावरचे गेले वाटतं?" मशीनमध्ये पडदे फिरत होते तेवढ्यात पहिला फोन आला. समोरच्या टॉवरमधल्या एक बाई. "वैशाली, फ्रिजचं काय ठरवलंत?"

दुसरा फोन. "तुमचा सोफा मी मनात धरून ठेवलाय हं. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका!"

तिसरा दीपाचा. तिला कुणीतरी कळवलं होतं. ती थेट रडतच होती. "मला सांगितलंससुद्धा नाहीस!" मग वॉचमन वर आला, खोके हवेत का विचारायला. दुपारी ईशा शाळेतून आली ती दारातच थबकली. "आई, एव्हरीवन इज आस्किंग इफ वुई आर लीव्हिंग. आर वुई?"

मला इतकी भीती वाटली की मी पडदे ओलेच परत टांगले. कार्पेटवर तळं झालं. मिलिंद संध्याकाळी आला आणि म्हणाला, "घरात काय पूर आलाय?"

"नाही," मी म्हटलं, "व्हिसा वाचवला!"

*

दीपाची सगळ्यात हुशार आयडिया म्हणजे जाळीचा तळ. बॅगेच्या खालच्या बाजूला कापडाऐवजी जाळी लावायची. बॅग झटकली की वाळू खाली, टॉवेल वर. कांद्याच्या पोत्याची जाळी वापरून मी एक शिवली आणि मोठ्या ऐटीत ममझरच्या बीचवर नेली.

वाळू पडली. वाळूबरोबर मिलिंदचं ऑफिसचं कार्डही पडलं!

ईशा म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क देम फॉर अ न्यू वन!" मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. नवं कार्ड मागायचं म्हणजे एचआरकडे जायचं. आणि त्या दिवसांत त्यांच्या ऑफिसात एकच नियम सगळे पाळत होते. एचआरच्या डोळ्यांसमोर यायचं नाही! रजा मागायची नाही, स्टेशनरी मागायची नाही, पगाराच्या स्लिपमध्ये चूक असली तरी बोलायचं नाही. तुम्ही अजून तिथे आहात हे त्यांना आठवताच कामा नये.

म्हणून आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून वाळू उकरायला लागलो. नातवंडांना घेऊन आलेले एक वयस्कर अरबी गृहस्थ बराच वेळ बघत होते. ते जवळ आले. "हबीबी, गोल्ड?"

मिलिंद वर न बघता म्हणाला, "नो, नो. जॉब!"

त्या गृहस्थांनी बाह्या वर सारल्या. मग "यल्ला!" म्हणून त्यांनी सगळी नातवंडं कामाला लावली. कार्ड एका छोटीला सापडलं. तिने ते आपल्या वाळूच्या किल्ल्याला दार म्हणून लावलं होतं आणि परत द्यायला तयार नव्हती. चॉकलेट देऊन सोडवलं.

*

नोव्हेंबरपासून गिऱ्हाइकांच्या मागण्या बदलल्या. आधी सगळ्यांचं एकच असायचं, दोन टॉवेल आणि सनस्क्रीन मावलं की झालं. आता म्हणायला लागल्या, जरा मोठी करा. वर चेन लावा. बंद दुहेरी शिवा, वजन पेललं पाहिजे. एकीने तर विचारलं, "विमानात केबिनला चालेल ना?"

मग चोरकप्प्याची फॅशन आली. आतून, अस्तराच्या मागे, पटकन दिसणार नाही असा. मी एकीला सहज विचारलं, "त्यात काय ठेवणार?"

"पासपोर्ट," ती म्हणाली. "आणि कप्पा थोडा लांब घ्या हं. मुलांच्या शाळेचे दाखले दुमडायला नकोत."

ती गेली. नाझनीनभाभीने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "हा कोनता बीच म्हनायचा गं? आमच्या दाभोळचा?"

खूप हसलो. त्या संध्याकाळी मी आमच्या स्वतःच्या बॅगेलाही तसा एक कप्पा शिवला. मिलिंदला सांगितलं नाही.

*

अस्तराला चांगलं वॉटरप्रूफ काही मिळेना. मिलिंदला बोलता बोलता सांगितलं, तर डिसेंबरात एके दिवशी तो फ्लेक्सची एक जाडजूड गुंडाळी खांद्यावर घेऊन आला. "साइटवर पडली होती. चालेल ना?"

चालेल काय, पळेल! मंगळवारी आम्ही ती हॉलभर उलगडली. गुळगुळीत, मजबूत, पाण्याचा थेंब शोषणार नाही. निळं आकाश, हिरवी झाडं, गच्चीवर स्विमिंग पूल, पूलच्या कडेला हसणारं कुटुंब. दीपा कात्री चालवायला लागली सुद्धा.

मी म्हटलं, "थांब." चित्र माझ्या ओळखीचं होतं. तीन वर्षं मिलिंदच्या टेबलावर हेच चित्र होतं. हा त्याचा टॉवर. साइटच्या कुंपणावरची जाहिरात उतरवली, याचा अर्थ काय ते कुणी सांगायची गरज नव्हती. दीपाच्या हातात अर्धा कापलेला पंचविसावा मजला होता.

दीपाने कात्री खाली ठेवली. शेवटी भाभीने फ्लेक्स आपल्याकडे ओढला, नीट फिरवून बघितला आणि मला म्हणाली, "पूल आतल्या बाजूला घे. पानी भायेर नाय येनार."

संध्याकाळी मी मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, "होल्डवर आहे. बंद नाही." मग टीव्हीचा आवाज वाढवला.

*

वर्ष संपताना दीपाने स्वतःसाठी बॅग शिवायला घेतली. आमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी! जाड कॅनव्हास, चार कप्पे, दुहेरी तळ. "वीकेंडला फुजैराला जातोय," म्हणाली.

"फुजैराला जातेस की फ्लॅट घेऊन चाललीस?" मी चिडवलं. तीही हसली. जाताना लिफ्टपाशी तिने आम्हा दोघींना मिठी मारली. ही बाई कधी कुणाला मिठी मारणाऱ्यातली नव्हे. भाभी म्हणालीसुद्धा, "आज हिला काय झालं?"

शनिवारी फोन लागला नाही. मंगळवारी ती आली नाही. त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर इंडियाच्या नंबरवरून मेसेज आला.

"बॅग मस्त. सगळं मावलं. दीपा."

मी तो भाभीला वाचून दाखवला. तिने मोबाइल हातात घेऊन पुन्हा वाचला. मला आधी दीपाचा भयंकर राग आला. सांगून गेली असती तर काय झालं असतं? मग वाटलं, मी तरी सांगून गेले असते का?

*

जानेवारीत एका मंगळवारी मी आणि भाभी शिवत बसलो होतो. अकराचा सुमार. बाहेरून कुलपात किल्ली फिरली.

त्या वर्षी कामाच्या दिवशी सकाळी अकराला नवरा घरी येणं म्हणजे काय, हे शारजातल्या कुठल्याही बाईला विचारा. मिलिंद आत आला. टाय तसाच, लॅपटॉपची बॅग खांद्याला. त्याने बूट काढले आणि जागेवर नीट लावून ठेवले.

मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं तर विचारावं लागेल! पायडल दाबतच राहिले. बॉबिनचा दोरा कधीच संपला होता, मी एक अख्खी बाजू नुसतीच भोकं पाडत शिवली. भाभीने ते बघितलं आणि भरलेली बॉबिन माझ्यापुढे सरकवली.

मिलिंद येऊन सतरंजीवर आमच्यात बसला. "मलाही काहीतरी द्या करायला," म्हणाला.

भाभीने त्याला लहान कात्री दिली. "भावोजी, हे लोंबते दोरे कापा. जपून हां, शिवन कापाल."

तो मान खाली घालून दोरे कापायला लागला. एक बॅग झाली की दुसरी. भाभी दाभोळच्या कसल्या कसल्या गोष्टी सांगत होती, त्यावर तो एकदा चक्क हसलादेखील. मला हसू येत नव्हतं. इतके महिने ज्याला घाबरत होते ते माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शाळेची बस यायची वेळ झाली तसा तो उठला. तोंड धुतलं, टाय सारखा केला, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली. "ईशाला आत्ता नको," म्हणाला. "परीक्षा होऊ दे." आणि लिफ्टने खाली गेला. दुपारभर तो कुठे होता हे मी आजवर विचारलेलं नाही.

संध्याकाळी रोजच्या वेळेला बेल वाजली. ईशाने पुस्तक हातात घेऊनच दार उघडलं.

"काय मॅडम, आज किती चॅप्टर?" मिलिंद रोजच्यासारखा म्हणाला.

ईशाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या पँटकडे बघत होती. मग वळून तिने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो बूट काढायला वाकला.

"बाबा, थांब जरा," ती म्हणाली. "दोरे लागलेत."

आणि पुस्तक बाजूला ठेवून, दारातच खाली बसून, तिने त्याच्या पँटला चिकटलेले लाल-पिवळे दोरे एकेक करून काढले.