न पाहिलेला दोर

पारूबाईला अक्कल नाही, हे गेल्या भाद्रपदात कागदावर चढलं. त्याआधी बावीस वर्षं ती ऊसतोडीला जात होती आणि टोळीतल्या कुणालाही ते कळलं नव्हतं.

चारठाण्यापासून कोसभरावरच्या तिच्या गावात लोकांना उलटंच माहीत होतं. भरलेली ट्रॉली चिखलात रुतली की गडीमाणसं हुज्जत घालत बसायची. पारूबाई चाकांभोवती एक फेरी मारायची आणि म्हणायची, "मागच्या मोळ्या उतरवा, चाकाखाली पाचट टाका." ट्रॉली निघायची. हे कसं सुचलं म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नसे. जे कळायचं ते हाताला आधी कळायचं, जिभेवर यायला त्याला वेळ लागायचा.

आता तिचा गुडघा गेला होता. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. म्हणून गावात तोडकऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह निघतंय आणि तिथं स्वयंपाकीण पाहिजे, असं कळल्यावर तिनं जन्मात पहिल्यांदा कुणाकडं काही मागितलं. ती जागा मिळाली तर फळी सुटणार होती. नाही मिळाली तर दसऱ्यानंतर पुन्हा कोयता होताच.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेकडून राजनंदिनी मॅडम पुण्याहून गावच्या शाळेत आल्या. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. भल्या माणसानं केलेलं वाटोळं जास्त जिव्हारी लागतं, कारण त्याला शिवीही देता येत नाही. चाळीस लेकरं सांभाळायची तर स्वयंपाकिणीची विचारशक्ती तपासली पाहिजे, असं संस्थेत ठरलं होतं. भाकरी थापून दाखव, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

"घाबरू नका मावशी. सगळे प्रश्न तुमच्याच जगातले घेतलेत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चार चित्रं मांडली. कोयता, विळा, कुऱ्हाड आणि ऊस. "यातलं वेगळं कोणतं?"

पारूबाईनं कोयता आणि ऊस जवळ घेतले. "ही दोन एका जागची. बाकीचं घरी ठिवा."

"एकच काढायचं. बघा, तीन हत्यारं आहेत ना?"

"मंजी ऊस काढू? मग कोयत्यानं तोडायचं काय?"

शाळेच्या ओट्यावरची माणसं हसली. पारूबाईही हसली. तिला वाटलं, मॅडमची चूक आपण सावरून घेतली.

मग मॅडमनी दुसरा कागद काढला. "नीट ऐका. मुकादम म्हणतो, ट्रॉलीचे सगळे दोर आवळलेत. पलीकडच्या बाजूलाही एक दोर आहे. तर तो पलीकडचा दोर कसा असेल? घट्ट की सैल?"

पारूबाईचं हसू जागच्या जागी गेलं.

नऊ वर्षांपूर्वी, उसाच्या एका फडात, हाच प्रश्न तिला तिच्या नवऱ्यानं, वैजीनाथनं विचारला होता. ट्रॉली भरून झाली होती. भुजंग मुकादम ओरडून गेला होता की सगळे दोर आवळलेत. वैजीनाथ खाली वाकून चाक बघत होता. "पारू, पल्याडचा दोर आवळलाय का गं?" तिनं तो बघितला नव्हता. पण मुकादम सगळे म्हणाला होता, आणि सगळ्यांत तोही आलाच. "आवळलाय," ती म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ट्रॅक्टरनं हिसका दिला तसा मोळ्यांचा ढीग त्या बाजूनं सुटला आणि वैजीनाथच्या अंगावर आला. तो पुन्हा उठला नाही. लोकांनी भुजंगला दोष दिला. तो शब्द आपला होता, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही.

"मावशी, घट्ट की सैल?"

"मी बघितला न्हाई."

"बघायचा नाहीये. सगळे घट्ट आहेत म्हटल्यावर तो कसा असेल? फक्त विचार करा."

"हाताला लागल्याबिगर मी न्हाई सांगायची, ताई."

मॅडमनी पुन्हा एकदा मायेनंच विचारलं. पारूबाईचं उत्तर तेच राहिलं. कागदावर फुली पडली, शेजारी शेरा लागला: प्रत्यक्ष पाहिल्यापलीकडचा विचार जमत नाही. पुढची कमलबाई सातवी पास होती आणि फडात कधी गेली नव्हती. प्रश्न पुरा व्हायच्या आत ती "घट्ट" म्हणाली. जागा कमलबाईला मिळाली. न बघता बोलण्याला हुशारी म्हणायचं ठरलं, तर त्या फडात पारूबाई फार हुशार होती म्हणायची.

दसऱ्यानंतर शाळेपुढं ट्रॉली लागली. भांडी, गाठोडी, लाकडं वर रचली होती आणि त्यांवर माणसं बसायची होती. वसतिगृहात राहणाऱ्या लेकरांना घ्यायला राजनंदिनी मॅडम आल्या होत्या. लेकरं आयांचे पदर सोडत नव्हती.

"चढा चढा, सगळे दोर आवळलेत," भुजंग ओरडला.

"बसा मावशी," मॅडम म्हणाल्या. "बांधलंय सगळं."

पारूबाई बसली नाही. लंगडत ट्रॉलीभोवती निघाली आणि एकेक दोर हातात धरून हिसडून बघायला लागली. भुजंग हसला. "म्हातारीचं हे दरसालचं हाय." पलीकडच्या बाजूचा तिसरा दोर तिच्या हातात सैल आला. वरची लाकडं सरकली.

भुजंग पुढं धावला, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. पाय ट्रॉलीला रोवून तिनं स्वतः दोर ओढला, गाठ मारली आणि पुन्हा हिसडून बघितली.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "सगळे म्हटले तरी एखादा सैल निघतो, हे त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," पारूबाई म्हणाली. "बघितला न्हाई, म्हनले मी."

आणि गुडघ्यावर हात टेकून ती फळी चढली.