मामूंचं करडू

वस्तू वाया गेली की हळहळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण दुसऱ्याचं रक्त सांडताना पाहून स्वतःच्या खिशातून काही गळाल्यासारखा चेहरा करणारा माणूस साऱ्या आखातात एकच होता, आमच्या खोलीतले सुतारमामू. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. अल क्वोजला दारं-खिडक्या बनवायच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही एकत्र होतो. ते रंधा मारायचे आणि मी स्टोअरच्या खिडकीत बसून लोकांना खिळे द्यायचो. वाकडे झालेले खिळे ते ठोकून सरळ करत आणि मला परत आणून देत. भुश्शातून पेन्सिलींची थोटकं वेचत. आणि कोणाचं बोट कापलं की हातातलं काम टाकून असे धावत, जणू कोणी पाण्याचा नळ उघडा टाकून गेलंय. "अरे धर ते वर, किती सांडतोस," असं इतक्या पोटतिडकीने म्हणत की जखमी माणूस बिचारा माफी मागायचा.

कंपनीची औषधांची पेटी भिंतीवर होती. किल्ली सुपरवायझरच्या खिशात होती आणि सुपरवायझर बहुधा अजमानच्या साइटवर असायचे. मामूंचं औषध मात्र वर्कशॉपमागच्याच आमच्या खोलीत, खिडकीच्या एसीवर, रुमालाची घडी घालून त्यावर बसवलेलं असे. ते तिथे पहिल्यांदा दिसलं त्या संध्याकाळी मी पायातला बूटच उगारला होता. वीतभर लांब, चार आखूड पाय फुटल्यासारखं आणि अंगभर सोनेरी तपकिरी लव असलेलं ते जनावर माझ्याकडेच बघत होतं. "मारू नको, झाड आहे ते," मामू खाटेवरून शांतपणे म्हणाले. ते खरंच झाड होतं. चीनकडच्या एका मोठ्या नेच्याचं, म्हणजे फर्नचं, मूळ. त्याच्या अंगावरची रेशमासारखी लव चिमूटभर उपटायची आणि जखमेवर दाबून धरायची, की रक्त थांबतं. तिकडची जुनी रीत आहे म्हणे. मामू त्याला करडू म्हणायचे. शुक्रवारी नमाजाहून आले की दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याला विंचरायचे.

करडू त्यांना दिलं होतं एका चिनी मिस्त्रीने. कुठल्याशा बड्या घराच्या कोरीव छताचं काम आलं तेव्हा कंपनीने चार-पाच चिनी सुतार आणले होते, त्यांतला एक मामूंच्या टेबलावर आला. दोघांमध्ये मिळून शब्द तीन: चल म्हणायला यल्ला, संपलं म्हणायला खलास, आणि मिस्त्री. बाकी सगळं प्लायवूडवर पेन्सिलीने. जेवणाच्या सुट्टीत तो मामूंची तिखटजाळ सुकट खाऊन घळाघळा रडायचा आणि पुन्हा मागायचा. त्याने आपल्या बरणीतलं लोणचं पुढे केलं तेव्हा मामूंनी आधी हलाल-हरामची चौकशी केली, म्हणजे त्याच्यासमोर बसून बकरी, कोंबडी वगैरेंचे आवाज काढून दाखवले. तो पोट धरून हसला आणि त्याने प्लायवूडवर मुळा काढला. मी खिडकीतून बघत असे. दोन वर्षं दोघं एका लाकडाला चार हात लागल्यासारखे काम करत होते. मग छत पुरं झालं आणि एका सकाळी चिनी मंडळींची बस आली. त्याने पिशवीतून हे करडू काढलं, लव बोटावर कशी दाबायची ते दाखवलं, मग ते मामूंच्या हातांत दिलं, वर आपले दोन्ही हात ठेवले आणि बरंच काहीतरी बोलला म्हणे. काय, ते कोणालाच कळलं नाही. मामूंनी मात्र अर्थ लावून टाकला. "अमानत आहे. येईल तो न्यायला, इन्शाल्ला."

अमानतीला हात लावू नये, हे मामूंना कोणी सांगायला नको होतं. पण समोर रक्त वाहताना पाहवतही नसे. शेवटी त्यांनीच तोड काढली: राखायला दिलेल्या बकरीचं दूध काढलं तर मालक रागावत नाही. मात्र नियम कडक. दाढी करताना कापलं तर करडाला हात लागणार नाही, कॉफीची पूड लावा. छिन्नी लागली तर एक चिमूट. करवत असेल तर पुंजका. या नियमांचा सर्वांत जास्त लाभ सुतार नसलेल्या माणसाने घ्यावा, हे काही बरोबर नव्हतं. पण माझे हातच तसे. रंध्याचं पातं धारदार आहे की नाही हे मी अंगठ्याने तपासलं; होतं. छिन्नी कशी धरू नये हे एका नव्या माणसाला करून दाखवलं. त्याला नीट कळलं. आंब्याच्या रसाचे डबे तर मी दरवेळी रक्त देऊनच उघडले. वर्षं गेली तसं करडाच्या पाठीवर टक्कल पडत गेलं, आणि ते टक्कल माझं आहे हे साऱ्या खोलीला माहीत होतं. "तो आला तर त्याला काय दाखवू," मामू माझ्या बोटावर लव दाबत म्हणायचे, "तुझा अंगठा?"

तो आला नाही. मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, रेघ दिसेना, व्हिसा कॅन्सल करून कायमचं गावी जायचं ठरलं. सामान बांधून झालं तरी एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती: अमानत परत करायची. त्या सुमाराला शहराबाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी, एक भलामोठा चिनी बाजार उघडला होता. जाण्याआधीच्या शुक्रवारी आम्ही करडू रुमालात गुंडाळून तिकडे गेलो. मामूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दुकानामागून दुकानं झाली. झुंबरं, नळ, प्लास्टिकची फुलं. आमचं टकलं करडू बघून कोणी हसे, कोणी हात झटके. शेवटी दिव्यांच्या एका दुकानात मागे बसलेला म्हातारा उठला, त्याने ते दोन्ही हातांत घेतलं आणि पाठीवरून असा हात फिरवला, जसा मामू फिरवायचे. गल्ल्यावरची त्याची मुलगी बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "पापा बोलता है, ये सोने का कुत्ता है. हमारा गाँव में घर-घर में रखता है."

कुत्रा शिवला तर नमाजाआधी हात धुणाऱ्या मामूंनी करडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. आणि म्हणाले, "झाडाचा आहे. चालतं."

म्हातारा भला होता. आमची हकिगत ऐकून म्हणाला, आमची माणसं येत-जात असतात, पत्ता सांगा, पोचवतो. मुलीने विचारलं, "उसका नाम क्या? गाँव कौन सा?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोअरवाला, रोज त्या माणसाला खिळे दिलेले. आणि मी खिडकीतून त्याला हाक मारायचो ती "ए चायना" अशी. मी छतावरची झुंबरं बघू लागलो.

"मिस्त्री," मामू म्हणाले. "वो मेरे को मिस्त्री बोलता था, मैं उसको मिस्त्री."

मुलगी पुढचं ऐकायला थांबली. पुढे काही नव्हतं. म्हाताऱ्याने करडू पुन्हा रुमालात नीट गुंडाळलं आणि मामूंच्या हातांत दिलं, वर आपले हात ठेवले.

परतताना बसमध्ये ते मामूंच्या मांडीवर होतं. रुमालाची घडी सारखी करत मामू म्हणाले, "त्याच्या पोराला पहिला दात आला ना, तेव्हा त्याने मला दाताचं चित्र काढून दाखवलेलं. घराच्या मागचा डोंगर काढलेला. विहीर काढलेली. नाव तेवढं राहिलं बघ."

एअरपोर्टवर त्यांनी करडू मला दिलं. "तू इथेच आहेस. तो आला तर दे." पुढे गावाहून त्यांचा फोन यायचा, आणि डोळ्यांचं, पावसाचं, सुपारीचं सांगण्याआधी पहिला प्रश्न तोच असायचा: आला का रे तो? मी म्हणायचो, अजून नाही, मामू. मग एका वर्षी फोन यायचा थांबला.

आता अजमानच्या फ्लॅटमध्ये करडू टीव्हीवरच्या फळीवर असतं. माझी मुलगी म्हणते, "बाबा, इट्स सो क्रीपी, प्लीज थ्रो इट." त्याच्या पोटाखाली, मागच्या पायाच्या बेचक्यात, लव अजून थोडी उरली आहे, एखादी चिमूट होईल. परवा आमरसाचा डबा उघडताना अंगठा कापला, सवयीप्रमाणे. सवयीप्रमाणेच फळीपाशी गेलो, करडू उलटं केलं, चिमटीत लव धरलीसुद्धा. मग ते तसंच सुलटं बसवलं आणि अंगठा वर धरून, रक्त आपोआप थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.