साडीखाली वाळत घातलेलं

आधीच सांगते, मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, बाहेरची बाधा असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. तरी हे लिहितेय... मनात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय.

माझं अंग बाहेर येत होतं. म्हणजे गर्भाशय आणि मूत्राशय खाली सरकलं होतं. वर्गात उभं राहून दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. दोन वर्षांपूर्वी परभणीला ऑपरेशन करून आतून जाळी बसवली. शाळेत, भावकीत सगळीकडे सांगितलं — हर्निया. हर्नियालाही जाळीच बसवतात ना, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर आत टोचायला लागलं, थोडं लाल जायला लागलं. इथल्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा आमचे हे आणि दीर सोबत होते. "जाळी कशाची?" डॉक्टरांनी विचारलं. दिरासमोर माझ्या तोंडून पुन्हा हर्नियाच निघालं. खरं माहीत असून हेही गप्प बसले. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, गोळ्या दिल्या. त्यांचा काही दोष नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळची शाळा करून आले आणि मागच्या अंगणात कपडे काढायला गेले. तारेवर माझी साडी, आणि साडीखाली एक ओलं फडकं. हिरव्या पातळाचा तुकडा, चौपदरी घडी, मधून दोरा घातलेला. ते सासूबाईंचं होतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. शेवटची आंघोळ घालताना आम्हाला कळलं, की सासूबाईंचंही अंग बाहेर येत होतं; ते आवरायला या बाईनं जन्मभर असलं फडकं बांधून कापूस वेचला आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. ते फडकं मी स्वतः न्हाणीच्या चुलीत जाळलं होतं.

घरात जाऊन पाणी प्याले, परत आले तर तारेवर नुसती साडी. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी घडीच्या मधोमध लाल डाग होता — ताजा. रजा टाकली, यांना म्हटलं, "परभणीला चला. आत्ताच."

तिथल्या मॅडमना सगळं खरं सांगितलं. तपासून त्या म्हणाल्या, "जाळीचं टोक योनीची भिंत फाडून बाहेर आलंय ताई, जंतुसंसर्ग झालाय. आणखी थांबला असतात तर लय अवघड झालं असतं." उघडा पडलेला भाग त्यांनी कापून काढला.

घरी आल्यावर यांना फडक्याचं सांगितलं. वाटलं, हसतील.

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मी बी बघितलं की. तिन्ही दिवस. मला वाटलं, तूच वाळत घालायलीस."

"मग विचारलं का नाही?"

"काय विचारू? आई बी तसंच घालायची, साडीखाली. लहान होतो तवापासून बघायलो. बायकांचं काहीतरी असतंय म्हनून... कधी विचारलंच न्हाई."

आणि हे रडायला लागले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

दोघांनी बघितलं, म्हणजे भास म्हणता येत नाही. दुसरं काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. यांच्यावर चिडावं म्हटलं तर तेही जमत नाही. सासूबाई आणि मी वीस वर्षं एका घरात राहिलो. विचारलं तर मीही नव्हतं.