वहिनींच्या खिडकीतल्या माश्या

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. एक तर असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली—आधी पुरावा दाखवा, मग बोला. आणि दुसरं म्हणजे, हे खरं खरं सांगायचं तर त्यात मी फार वाईट दिसतो. पण आता वय झालं... सांगून टाकतो.

आमचा फ्लॅट सिंगापूरला, वुडलँड्स भागात, अकराव्या मजल्यावर. माझा थोरला भाऊ—दादा—इंग्लंडमध्ये वारला. त्याचा आणि वहिनींचा सगळा संसार तिकडच्याच एका थंडगार खेड्यात झाला. मीच वहिनींना म्हटलं, "एकट्या कशाला राहता? इकडे या, वर्षश्राद्धही इथेच करू." त्या आल्या. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या खोलीच्या खिडकीवर माश्या आल्या.

थोड्याथोडक्या नाहीत! ऊन पडलं की काच काळी दिसायची. आणि माश्या तरी कसल्या... घरमाशीपेक्षा थोराड, सुस्त. हाकललं तरी उडायच्या नाहीत, नुसत्या रांगायच्या. खाली पडल्या की उताण्या होऊन गरगर फिरायच्या. बाकी घरात एक नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. जाळी लावली, फवारा मारला, पेस्ट कंट्रोलवाले आले नि गेले—दुपारी ह्या पुन्हा हजर. डोक्याचा नुसता भुगा झाला.

वहिनी मात्र शांत. "भाऊजी, मारू नका हो. तिकडे आमच्या माळ्यावर असायच्या ह्या हिवाळाभर. हे खिडकी उघडून सोडून द्यायचे."

"वहिनी, इथे कुठला आलाय हिवाळा? माशी घाणीवर येते, दुसरं काही नाही!"

वर्षश्राद्धाच्या दिवशी मला ती 'घाण' सापडली. वहिनींनी कावळ्यासाठी दादाचं पान त्याच खिडकीत ठेवलं होतं. वरणभात, वडे, खीर.

"ह्यानेच येतात माश्या! आणि पक्ष्यांना खायला घातलं की इथे दंड होतो, माहीत आहे?"

"कावळा शिवला की लगेच उचलते, भाऊजी. जरा वेळ—"

मी जरा वेळ दिला नाही. पान उचललं, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटचं—थेट तळापर्यंत जाणाऱ्या नळीचं—झाकण उघडलं आणि आत टाकलं. मंगल, माझी बायको, ओरडली, "अहो, दादांचं पान आहे ते!" तोवर ते अकरा मजले खाली गेलं होतं.

माश्या कधीच्या आणि पान त्या सकाळचं... ऑडिटरला एवढंही कळू नये!

 वहिनी त्याच आठवड्यात पुण्याला, भाचीकडे निघून गेल्या. त्यांची टॅक्सी गेली त्या दुपारी काच लख्ख. एकही माशी नाही. मी वर मंगलला ऐकवलं, "बघ. घाण बंद, माश्या बंद."

पुढे आमची ऋचा—ती बायोलॉजी शिकवते—त्या खोलीतला दिवा पुसायला चढली. आत मेलेल्या माश्या होत्या. तिने भिंग लावलं.

"पपा, हे मानेमागचे सोनेरी केस बघा. ह्या क्लस्टर फ्लाइज. थंड देशातल्या. ह्यांच्या अळ्या मातीत, गांडुळांच्या अंगात वाढतात आणि हिवाळ्यात माश्या घरांच्या माळ्यावर येऊन राहतात. अन्नाशी, घाणीशी काही संबंध नाही. पण सिंगापूरमध्ये? इम्पॉसिबल लाह!" ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"वहिनींच्या बॅगेतून आल्या असतील."

"एखाद-दुसरी, ओके. काच भरून? आणि मारल्यावर रोज नव्या कुठून यायच्या? अकराव्या मजल्यावर गांडुळं पाळली होती का तुम्ही?"

मी त्याच दिवशी पुण्याला फोन लावला. वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली. तिकडच्या उन्हाबद्दल बोललो, इकडच्या पावसाबद्दल बोललो. "आणखी काही, भाऊजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, सहजच केला होता." त्यानंतर पुण्याहून फोन आला तो भाचीचा. वहिनी गेल्याचा.

त्या माश्या कुठून आल्या, त्याच खिडकीत का आल्या, वहिनींबरोबरच कशा गेल्या—मला आजही सांगता येत नाही. त्याचा नाद मी सोडला. फोनवर बोलायचं राहिलं ते एवढंच होतं...

वहिनी, चुकलो. खिरीवर एकही माशी बसलेली नव्हती. पान उचलताना मी पाहिलं होतं.