तपकिरी पट्ट्याचे सर

कराटे शिकवताना जांभया देणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमचे सर गुडघ्यांवर हात टेकून दणदणीत जांभई द्यायचे आणि म्हणायचे, "हाव, चला. लई दमलोय, पण चला."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. सर नव्या कचेरीत कारकून. दुष्काळ पडला आणि टँकरचं टेबल त्यांच्या गळ्यात आलं. दिवसभर गावोगावच्या शिव्या खाऊन ते संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यायचे. एकदा आम्हाला गुडघे वाकवून उभं केलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना डोळा लागला. आमच्या मांड्या लटलटायला लागल्या, पण हलायची कुणाची छाती होती?

पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंतचे पट्टे सरच द्यायचे. काळ्यासाठी हैदराबादला जाऊन परीक्षा द्यावी लागे. सर स्वतः तपकिरीच. सगळ्यात वरच्या पट्ट्याने समोर उभं राहायचं, बाकीच्यांनी रांगेतून त्याला वाकून नमस्कार करायचा, हा त्यांचा नेम. त्यांच्याच साहेबांचा मुलगा ऐटीत पुढे उभा राहिला, तेव्हा सर म्हणाले, "पट्टा कुठाय? मंग शेवटी जा."

दोनदा त्यांनी हैदराबादचा फॉर्म भरला. दोनदा रजा मिळाली नाही. टँकर कोण बघणार? तिसऱ्या खेपेला त्यांनी माझाच फॉर्म भरला.

"सर, आधी तुम्ही."

"माझं काय बाबा, पाऊस पडला की जाईन. तू जाऊन ये."

मी काळा पट्टा घेऊन आलो. सरांनी तो चाचपून पाहिला, "चांगला हाय," म्हणाले आणि निमूट जाऊन रांगेत तपकिरीवाल्यांत उभे राहिले. पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "सर, पुढं या," एवढंच म्हणायचं होतं. पण एकोणीस वर्षांचा होतो मी, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी हुकूम दिला. सर कमरेत वाकले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. कचेरीत काम वाढलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे पाऊस झाला. सरांची देवणीला बदली झाल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी लाजत त्यांच्या घरी गेलो. ते सतरंजी गुंडाळत होते.

"सर, आता तरी हैदराबादला जाऊन या की."

"कशाला बाबा? पोरं बघायला तू हायस की आता."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणाले होते, आणि तेच मला अजून सोसत नाही.