एका पातेल्यातलं वरण, दोन मेस

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. कंपनीने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिली आणि कुंभार पिंपळगावात पत्रकं वाटत फिरणारी मी, तांदळाची पोती भरलेल्या जहाजावर आफ्रिकेकडे निघाले. काम काही नाही. खायचं आणि पाणी बघायचं.

पहिल्याच जेवणाला हादरले. मधे स्वयंपाकघर, दोन अंगांना दोन मेस. एकीत साहेब लोक, टेबलावर पांढरं कापड, चिनीमातीचे कप. दुसरीत खलाशी, स्टीलचे मग. वरण मात्र एकाच पातेल्यातलं. माझे आजोबा हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायचे आणि स्वतः धुऊन तो परत ठेवायचे. त्या कपावर मी चार पत्रकं लिहिलीत. तो समुद्रात भेटेल असं वाटलं नव्हतं.

"इथं हुद्द्यावर चालतं, जातीवर नाही," नवरा म्हणाला.

"मग भिंत कशाला?"

तो ड्यूटीवर निघून गेला.

मी ताट उचलून खलाशांत जाऊन बसले. बनियनवर जेवणारे उठून शर्ट घालायला लागले. जहाजाचे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, मंठ्याकडचे, पन्नाशी उलटलेले. हळूच म्हणाले, "ताई, दिवसभर राबून पोरं आता कुठं पाय पसरून बसले व्हते. तुम्ही आल्या, मंग झाली पुन्हा ड्यूटी सुरू."

हे भीतीचं बोलणं, असं मी ठरवून टाकलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'वरण एक, पंगती दोन. हा कुठला न्याय?' आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. मराठीत. राग मला मराठीतच लिहिता येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानाने भंडारींना वर बोलावलं. जहाजावर मराठी वाचणारे आम्ही तिघंच. नवरा साहेब, मी साहेबाची बायको. संशय घ्यायला उरले कोण? कप्तानाच्या शेऱ्यावर त्यांचं पुढचं जहाज ठरणार होतं आणि त्या पगारावर जालन्यात नर्सिंग शिकणाऱ्या त्यांच्या लेकीची फी.

मी तडक वर गेले. "मी लिहिलं."

कप्तान हसला. समोरचा शेऱ्याचा कागद फाडला, मला बसवलं, कॉफी मागवली. मजकुराचा अर्थ विचारला आणि छान लिहिता म्हणाला.

खाली भंडारी कांदा चिरत होते.

"काका, मिटलं. तुमच्यावर काही नाही."

"काय म्हनले साहेब?"

"हसले. कॉफी दिली."

सुरी थांबली. "माझ्या नावावर राह्यलं असतं तर काम गेलं असतं. तुमच्या नावावर कॉफी भेटली." मग त्यांनी साधंच विचारलं, "कोणत्या कपात?"

चिनीमातीचा कप मी तळापर्यंत रिकामा केला होता आणि तसाच टेबलावर ठेवून आले होते. धुवायला तो खालीच येणार होता, त्यांच्याकडे.